पहिल्या बाकावरचे खांबेटे सर

मी तर्कशास्त्र शिकवायचे असं सांगितलं, की समोरचा माणूस "अरे वा!" म्हणतो आणि घाईघाईनं माझ्या नातवाची चौकशी करायला लागतो. त्याचं काही चुकत नाही. वाशीच्या आमच्या कॉलेजात माझ्या विषयाला मुलं इतकी कमी असायची की कधी कधी वर्ग स्टाफरूमच्या कोपऱ्यातच भरायचा. या रिकामपणाची शिक्षा म्हणून प्राचार्यांनी एक काम माझ्या गळ्यात घातलं. विद्यापीठाच्या वतीनं दर दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे प्राध्यापकांसाठी अध्यापन-सुधार शिबिर भरायचं. त्याची संयोजक मी. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा हे गळ्यात पडलं आणि पुढची कैक वर्षं तिथेच राहिलं. लोक मला विचारतात, आयुष्यात काय केलंत? मी मनातल्या मनात म्हणते, शिकवणाऱ्यांना शिकायला बसवलं. याइतकं अवघड काम दुसरं नसेल.

का अवघड, ते सांगते. प्राध्यापक हा बोलणारा प्राणी आहे. पंचेचाळीस मिनिटं त्याला कुणी अडवत नाही. त्याला बाकावर बसवून दुसऱ्याचं ऐकायला लावलं की त्याची पाठ दुखते, त्याला चहा आठवतो, खिडकीतून येणारा वारा सोसत नाही. त्यातून आम्ही त्याला बोलावणार दिवाळीच्या सुट्टीत. घरी करंज्या ताटात आणि हा इथे फळ्यासमोर. पहिल्या दिवशी सगळ्यांचे चेहरे सासरी रुसलेल्या जावयासारखे असायचे.

आमची वाशी तेव्हा नुकती वसत होती. पुलावरून बसनं यायचं, उतरल्यावर कॉलेजपर्यंत धूळ तुडवायची. मुंबईकडचे प्राध्यापक पहिल्यांदा आले की रुमालानं बूट झटकत विचारायचे, "बाई, इथे राहतं का कुणी?" मी म्हणायचे, "मी राहते." मग ते दुसरा बूट झटकायला घ्यायचे. आमचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर, खाडीच्या बाजूला. उद्घाटनाची समई पेटायची आणि खाडीचा वारा ती विझवायचा. एका कुलगुरूंनी पाच काड्या ओढल्या, शेवटी आमच्या शिपायानं, तुकारामनं, स्वतःची टोपी आडवी धरली तेव्हा ज्ञानाचा दिवा लागला.

तज्ज्ञ मंडळींचे तर किती नमुने सांगू. एक गृहस्थ आले होते, विषय होता 'व्याख्यान पद्धतीचे दोष'. त्यांनी सलग दोन तास व्याख्यान दिलं. मुद्दा असा की विद्यार्थ्याचं लक्ष वीस मिनिटांपलीकडे टिकत नाही. मागच्या बाकांवर ते सप्रमाण सिद्ध होत होतं. दुसरे एक ओव्हरहेड प्रोजेक्टर घेऊन आले, त्या काळी ती मोठी अपूर्वाई. पारदर्शक कागदांची चळत त्यांनी मोठ्या प्रेमानं टेबलावर मांडली, पहिला कागद उलटा लावला आणि तो सरळ करेपर्यंत वीज गेली. नवीन गावात वीज पाहुणीच होती. त्यांना खडूनं शिकवायची सवयच उरली नव्हती. बिचारे वीज येईपर्यंत मुलाबाळांच्या गप्पा मारत बसले, आणि खरं सांगते, त्या शिबिरातला तो सगळ्यात चांगला तास झाला.

पण शिबिराचा गाभा होता सूक्ष्म पाठ. म्हणजे काय, तर एका प्राध्यापकानं एकच छोटा मुद्दा घ्यायचा आणि सहा मिनिटांत शिकवून दाखवायचा. वेळ संपली की मी पितळी घंटा वाजवायची. सुट्टीमुळे खरे विद्यार्थी नसायचे, म्हणून विद्यार्थी व्हायचं बाकीच्या प्राध्यापकांनी. पाठ झाला की सगळ्यांनी त्याची समीक्षा करायची. समीक्षेचा नियम होता, आधी दोन चांगल्या गोष्टी सांगा, मग दोष. "फळ्यावरचं अक्षर सुंदर, आवाज खणखणीत, बाकी काही कळलं नाही," अशा समीक्षा मी शेकड्यानं ऐकल्या आहेत.

आता मोठी माणसं विद्यार्थी झाली की काय होतं ते बघण्यासारखं असायचं. टक्कल पडलेले विभागप्रमुख मागच्या बाकावर बसून खडूचे तुकडे मारायचे. एक बाई दर मिनिटाला "मे आय कम इन" म्हणून दारातून आत यायच्या. पण हा दंगा पहिल्या मिनिटापुरता. नंतर सगळ्यांच्यातला हुशार विद्यार्थी जागा व्हायचा. शिकवणाऱ्यानं प्रश्न विचारायचा अवकाश, सगळे हात वर. पुस्तकातल्यासारखी उत्तरं. त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक पाठ यशस्वी व्हायचा. खऱ्या वर्गात समोर बसलेल्या मुलाला बहुतेक वेळा कळलेलं नसतं, आणि आमच्या खोट्या वर्गात न कळणारा एकही नव्हता. या घोटाळ्याकडे आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नाही.

खांबेटे सर आमच्या शिबिरांचे कायमचे अध्यक्ष. पुलापलीकडच्या एका जुन्या कॉलेजात अर्थशास्त्राचे प्रमुख. सफारी सूट, जाड भिंगाचा चष्मा, खिशात सुपारीची डबी. बोलणं तोलून मापून. वाणिज्य शाखेच्या संख्याशास्त्रावरचं त्यांचं मार्गदर्शक पुस्तक विद्यार्थ्यांच्या घरोघरी होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं त्यातली सूत्रं स्तोत्रासारखी म्हणत फिरायची. सरांना सगळे घाबरायचे. समीक्षेत ते नियमाप्रमाणे दोन चांगल्या गोष्टी सांगायचे आणि मग थोडं थांबायचे. त्या थांबण्यात पाठ घेणाऱ्याला घाम फुटायचा.

आणि घरत. हरिश्चंद्र घरत, आमच्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला नव्यानं आलेला. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, म्हणून इथे एकेरीतच लिहिते. समोर मात्र "अहो घरत" म्हणायचे. राहायला जासईला. रोज एसटीनं यायचा-जायचा. घरची शेती नव्या शहरासाठी गेलेली, वडील थकलेले, दोन बहिणी लग्नाच्या. पगार आणणारा हा एकटा, आणि त्याची नेमणूक तात्पुरती. वर्ष संपलं की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत.

त्या वर्षी मात्र पुन्हा मुलाखत होईल की नाही याचीच शंका होती. कॉलनीतल्या काही पालकांनी प्राचार्यांकडे तक्रार केली होती. तक्रार अशी, की सर गावठी बोलतात. गणित चुकतं असं नव्हे, बोलणं चुकतं. घरत शिकवताना रंगला की त्याच्या तोंडून "म्हनून" आणि "कोनाला" निघून जायचं, "आहे"चं "हाय" व्हायचं. आमचे प्राचार्य तसे भले गृहस्थ. पण नवीन कॉलेज, प्रवेशांची चिंता, सोसायट्यांमधले शिकलेले पालक. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, या शिबिरात घरतांचा पाठ ठेवा. खांबेटे सर बघतील. ते जे म्हणतील ते मी संस्थेला कळवीन. माझ्या डोक्याला टेन्शन नको."

"आणि सर नको म्हणाले तर?"

"तर मार्चनंतर दुसरी सोय बघावी लागेल त्यांना. काय करू, सांगा."

मी घरतला हे सगळं स्पष्ट सांगितलं. लपवून ठेवणं मला बरं वाटलं नाही. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी 'ण' म्हणायची प्रॅक्टिस करतो." मला फार वाईट वाटलं. एवढा गुणी मुलगा, आणि सहा मिनिटांच्या पाठासाठी आठवडाभर आरशासमोर उभा राहणार.

विषय त्यानं निवडला प्रमाण विचलन. ज्यांना संख्याशास्त्राची धास्ती आहे त्यांनी घाबरू नये, मीही त्यातलीच. गोष्ट साधी आहे. दहा मुलांच्या मार्कांची सरासरी काढली तर त्या सरासरीच्या आसपास सगळी मुलं आहेत, की काही फार वर आणि काही फार खाली, हे सरासरी सांगत नाही. ते पसरलेपण मोजायची ही रीत. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, त्यांची सरासरी काढा आणि शेवटी वर्गमूळ घ्या. खांबेटे सरांच्या पुस्तकात हे सूत्र चौकटीत छापलेलं होतं.

पाठाच्या दिवशी घरत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. सभागृहात तीसेक प्राध्यापक विद्यार्थी होऊन बसले होते. प्राचार्य बाजूच्या खुर्चीत. खांबेटे सर त्या दिवशी, का कोण जाणे, अध्यक्षांच्या टेबलामागून उठले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. म्हणाले, "आज मीही विद्यार्थी होतो. लांबून नीट दिसत नाही." सगळे हसले. घरतचा चेहरा पडला.

पाठ सुरू झाला. घरत एकेक शब्द जपून टाकत होता. "आणि", "कारण", "म्हणून". प्रत्येक 'ण'ला त्याच्या कपाळाची शीर ताणली जायची. सूत्र फळ्यावर आलं. हात वर झाले, उत्तरं आली, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. तेवढ्यात खांबेटे सरांनी हात वर केला.

"सर, मला समजलं नाही."

सभागृहात खसखस पिकली. सर विद्यार्थ्याची भूमिका किती छान करताहेत, असं सगळ्यांना वाटलं.

"काय समजलं नाही?" घरतनं विचारलं.

"अंतराचा वर्ग का करायचा?"

हे घरतला ठाऊक होतं. काही अंतरं अधिक असतात, काही उणे. नुसती बेरीज केली तर ती एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर शून्य येतं. वर्ग केला की उणे चिन्ह जातं. त्यानं ते नीट सांगितलं. मी निःश्वास टाकला.

"मग चिन्ह सोडून द्या की," खांबेटे सर म्हणाले. "उणे पाचला पाच म्हणा आणि बेरीज करा. एवढा वर्ग करायचा, मग परत वर्गमूळ काढायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला?"

घरत फळ्याकडे वळला, पुन्हा इकडे वळला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "काय अभिनय आहे सरांचा!" माझ्या हातात घंटा होती. वेळ संपत आली होती. घरतनं खडू खाली ठेवला.

"सर," तो म्हणाला, "याचं उत्तर मलाही नीट ठाऊक नाही."

हे वाक्य आमच्या शिबिरात त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. चुकीचं उत्तर चालायचं, लांबड लावलेलं चालायचं, "हा मुद्दा आपण पुढच्या तासाला बघू" हे तर हमखास चालायचं. फळ्यासमोर उभं राहून "ठाऊक नाही"? प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. आणि वेळ झाली म्हणून मला घंटा वाजवावी लागली.

"बाई," खांबेटे सर माझ्याकडे बघून म्हणाले, "ती घंटा ठेवा खाली. मला अजून समजलेलं नाही."

पुन्हा हशा. पण नियम म्हणजे नियम. प्राचार्य उठले, समीक्षा जेवणानंतर होईल असं सांगितलं आणि सगळे पुरी-भाजीकडे गेले. घरत कुठे दिसेना. तुकाराम म्हणाला, "घरत सर खाली गेले, पिशवी घेऊन."

मी एसटीच्या थांब्यावर गेले. तो तिथे उन्हात उभा होता. मला बघून त्यानं मान खाली घातली.

"मॅडम, तुमी कशाला आल्या? माजा सगला संपला," तो म्हणाला. आता त्याला 'ण'ची आणि 'ळ'ची फिकीर उरली नव्हती. "घरी आयला काय सांगू? सगल्या गावाला ठावं हाय का पोरगा कालेजात मास्तर हाय."

"अजून समीक्षा व्हायची आहे," मी म्हणाले.

"काय समीक्षा? अक्षर चांगला, आवाज चांगला, आनि मास्तरला येत नाय."

मी त्याच्या शेजारी उभी राहिले. बसचा पत्ता नव्हता. थांब्यावर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती, तिला त्यानं विचारलं, "आजी, दीडची गेली का?"

"गेली. पाच मिन्टं आदीच गेली मेली. काल मी आदी आल्ते तं उशिरा आली."

घरत वैतागून म्हणाला, "बगा मॅडम. डेपोत विचारा, ते बोलतील सरासरी टायमावर हाय. एकदा आदी, एकदा उशिरा, झाली सरासरी. आनि मी मात्र..."

तो मध्येच थांबला. पिशवी त्यानं या हातातून त्या हातात घेतली. काहीतरी पुटपुटला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, पाच-पाच मिनिटं दोनदा, आनि दहा मिनिटं एकदा. सारखा नाय ना?"

"काय सारखं नाही?"

"उशीर!" तो म्हणाला, आणि कॉलेजच्या दिशेनं असा सुटला की मला त्याच्या मागे धावता येईना. वयानं नाही, साडीमुळे.

मी वर पोचले तेव्हा समीक्षा सुरू होत होती. खांबेटे सर अध्यक्षांच्या खुर्चीत होते. घरत दारात उभा, शर्ट घामानं भिजलेला. "सर, मला पाच मिनिटं पाहिजेत," तो म्हणाला.

"हे वेळापत्रकात नाही, घरत," प्राचार्य म्हणाले.

"माझी शंका तरी कुठे वेळापत्रकात होती?" खांबेटे सर म्हणाले. ते खुर्चीतून उठले आणि पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसले. "बोला."

घरत बोलायला लागला, आणि या वेळी त्याला कोणताच शब्द जपून टाकायला सवड नव्हती.

"समजा मी एसटीनं कामाला येतो. एका आठवड्यात दोन दिवस पाच-पाच मिनिटं उशीर झाला. साहेब घड्यालाकडं बघतो, काय बोलत नाय. मस्टरवर सही होते. दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी उशीर झाला, पन दहा मिनिटं. मस्टर आत गेलेला. अर्ध्या दिवसाची रजा लागली. आता नुसती बेरीज करा. हा पन आठवडा दहा मिनिटांचा, तो पन दहाचा. बेरजेला दोन्ही सारखे. पन भोगनाऱ्याला सारखे हायत का?"

"नाहीत," खांबेटे सर म्हणाले.

"आता वर्ग करा. पाचाचा वर्ग पंचवीस. दोन दिवसांचे पन्नास. दहाचा वर्ग शंभर. दुप्पट! जो लांब गेला त्याचा त्रास जास्त, तो वर्ग केल्यावर जास्त दिसतो. चिन्ह सोडून दिला तर तो दिसत नाय. म्हनून वर्ग."

"आणि वर्गमूळ?"

"वर्ग केला तो मिनिटांचा केला. चौरस मिनिट कोनी बगितलाय? घड्यालात नसतो. म्हनून शेवटी परत मिनिटावर उतरायचं." मग तो म्हणाला, "सर, गनितात याची आनखी पन कारनं हायत. ती मला वाचावी लागतील. वाचून सांगीन."

खिडकीतून खाडीचा वारा येत होता आणि फळ्यावरची धूळ उडत होती. मला ते समजलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा संख्याशास्त्रातलं काही मला समजलं होतं आणि माझे डोळे भरून आले, हे मी आजही लपवत नाही.

मग प्राचार्य उठले. त्यांचा स्वभाव सगळ्यांना सांभाळून घ्यायचा. ते हसून म्हणाले, "खांबेटे सर, आज तुम्ही फार सुंदर नाटक वठवलंत. आपल्या पुस्तकात हे प्रकरण असताना, न समजल्याचा असा आव आणणं सोपं नाही. पण त्यामुळे एक गोष्ट सिद्ध झाली, की आमच्या तरुण सहकाऱ्यांना अजून तयारीची गरज आहे. प्रत्यक्ष वर्गात, शिक्षकानं ठाऊक नाही म्हणणं..."

टाळ्या पडल्या. सरांच्या अभिनयाला.

त्या क्षणी खांबेटे सरांना काहीच करायची गरज नव्हती. नुसतं हसून मान डोलवायची. त्यांची अब्रू जशीच्या तशी राहिली असती आणि घरतची नोकरी तेवढी गेली असती. त्यांनी खिशातून सुपारीची डबी काढली, उघडली नाही, पुन्हा खिशात ठेवली. आणि उभे राहिले.

"मी नाटक करत नव्हतो," ते म्हणाले.

प्राचार्य हसत राहिले. त्यांना वाटलं, नाटक चालूच आहे.

"मी नाटक करत नव्हतो," सर पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. "हे प्रकरण मी लिहिलं, त्यातलं सूत्र मी चौकटीत घातलं, आणि वर्ग का करायचा हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मला माझ्या शिक्षकांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी मला विचारलं नाही, कारण मी त्यांना विचारू दिलं नसतं. आज इथे बाकावर बसलो, विद्यार्थी व्हायची सूट होती, म्हणून विचारून बघितलं. मला वाटलं, लोक नाटक समजतील."

प्राचार्य खुर्चीत बसले. सर बोलतच राहिले.

"समीक्षेचा नियम आहे. आधी दोन चांगल्या गोष्टी. पहिली, या शिक्षकाला येत नव्हतं तेव्हा तो येत नाही म्हणाला. दुसरी, आल्यावर तो परत आला. दोष म्हणाल तर," इथे ते नेहमीसारखे थांबले, आणि घरतनं टेबलाची कड धरली, "दोष सांगायचा अधिकार आज मला नाही. मी विद्यार्थी आहे. प्राचार्य, तुम्हाला संस्थेला काय कळवायचं आहे ते विद्यार्थ्याला विचारा. विद्यार्थ्याला समजलं."

घरत कायम झाला. प्राचार्यांनी स्वतः पत्र दिलं, आणि पत्र देताना त्याची पाठ थोपटली. मी आधीच म्हटलं, माणूस भला होता. पालकांचं म्हणाल तर, पुढच्या वर्षी वाशीतल्या चांगल्या चांगल्या सोसायट्यांमधली मुलं "म्हनून वर्ग" असं म्हणत पेपर लिहून पास झाली.

खांबेटे सरांना मात्र हे महागात पडलं. बातमी पुलापलीकडे पोचायला वेळ लागला नाही. स्टाफरूममध्ये त्यांची टिंगल झाली. ज्यांना स्वतःलाही वर्ग का करायचा ते ठाऊक नव्हतं, तेच जास्त हसले. पुढच्या वर्षी विद्यापीठानं अध्यक्ष म्हणून दुसऱ्याच कुणाला नेमलं. मी घाबरत त्यांना फोन केला. म्हटलं, सर, तुम्ही याल का, निदान पाहुणे म्हणून? ते म्हणाले, "पाहुणा कशाला? बाकावर जागा ठेवा." आणि ते येत राहिले, दर दिवाळीत, निवृत्त झाल्यावरही. त्यांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तेव्हा मी ते प्रकरण मुद्दाम उघडून बघितलं. चौकटीतल्या सूत्राच्या वर एक एसटी आली होती, दोनदा पाच-पाच मिनिटं उशिरा आणि एकदा दहा मिनिटं.

आमच्या शिबिरांनी शिकवणं सुधारलं का, असं मला कुणी विचारलं तर खरं उत्तर द्यायला जीव कचरतो. नोट्स देणारे नोट्स देतच राहिले. समया विझत राहिल्या. करंज्या सोडून आलेली ती माणसं शेवटच्या दिवशी दाखला घेऊन घरी गेली ती बहुतेक जशी आली तशीच. इतकी वर्षं घंटा वाजवून हाती काय लागलं, याचा मी हिशेब मांडत नाही. पण एक शिबिर मला विसरता येत नाही.

माझ्या नोकरीतलं ते शेवटचं. मी घंटा घरतच्या हवाली केली होती, संयोजक आता तो. केसात पांढरं दिसायला लागलं होतं आणि 'ण'ची चिंता त्यानं केव्हाच सोडून दिली होती. वाणिज्य शाखेची एक नवी मुलगी पाठाला उभी होती, पहिलीच नोकरी. तेवढ्यात दार ढकलून खांबेटे सर आत आले. हातात काठी, धापा टाकत.

"सर, उशीर?" घरत म्हणाला.

"बसमुळे."

"किती?"

"दहा मिनिटं."

"म्हंजे शंभर झाले," घरत म्हणाला, आणि सरांना हसू आवरेना. ते हळूहळू पुढे गेले आणि पहिल्या बाकावर बसले. ती जागा कुणी घ्यायचं नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीनं पुन्हा सुरुवात केली. सर चष्मा पुसून ऐकत होते. वेळ संपत आली. घरतनं घंटा उचलली, आणि सरांनी हात वर केला.

"मॅडम, मला समजलं नाही."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. एवढे मोठे सर, त्यांना समजत नाही म्हणजे आपली परीक्षाच घेताहेत, असं तिला वाटलं असणार. तिनं घरतकडे बघितलं.

"घाबरू नका," घरत म्हणाला. "सर नाटक करत नाहीत."

आणि त्यानं हातातली घंटा टेबलाच्या खणात ठेवून दिली.